फ्रिजमधला हिवाळा: पाइनचं बी ठाण्यात का रुजत नाही?

ऑनलाइन पन्नास-शंभर रुपयांत ‘बोन्साय पाइन’च्या बियांची पुडी मिळते. कोणी सिमला-मनालीहून येताना देवदाराची फळं खिशात घालून आणतो. घोडबंदर रोडच्या बाल्कनीत किंवा खारघरच्या गच्चीवर त्या बिया चांगल्या मातीत, वेळच्या वेळी पाणी देऊन लावल्या जातात. महिना जातो, दोन महिने जातात. मग उकरून पाहिलं तर बी एक तर जसंच्या तसं असतं, नाही तर बोटाने दाबल्यावर पिचकतं. निष्कर्ष ठरलेला: बी खराब होतं, फसवलं.

कधी कधी खरंच फसवलेलं असतं. (निळ्या स्प्रूसचं बी म्हणून निळ्या रंगाच्या बिया आल्या, तर पैसे गेलेच समजा. स्प्रूस निळा असला तरी त्याचं बी तपकिरी आणि बारीकच असतं.) पण बऱ्याचदा बी जिवंत असतं, पाण्याने फुगलेलंही असतं, आणि तरी मोड काढत नाही. ते हिवाळा संपायची वाट पाहत असतं. ठाण्यात तो हिवाळा सुरूच होत नाही.

या वाट पाहण्यालाच सुप्तावस्था म्हणतात. जिवंत बी पाणी, हवा, ऊब असं सगळं मिळूनही रुजत नाही, ती अवस्था. पुडीतलं कोरडं बी रुजत नाही, ती सुप्तावस्था नव्हे. त्याला फक्त पाणी मिळालेलं नसतं. हा फरक पुढे उपयोगी पडेल.

बी कापून पाहा

काहीही करण्याआधी पुडीतल्या चार-पाच बियांचा बळी द्या. रात्रभर भिजवून धारदार ब्लेडने उभ्या चिरा. बाहेर कडक कवच, आत पातळ पापुद्रा, त्याच्या आत पांढराशुभ्र, तेलकट, ओल्या खोबऱ्यासारखा गर, आणि गराच्या मधोमध काडीसारखा गर्भ. गर पांढरा आणि घट्ट असेल तर बी चांगलं. पिवळट, सुकलेला किंवा कवचातून सुटलेला असेल तर शंका घ्या. आत पोकळी असेल तर ते बी कधी भरलंच नव्हतं. सूचिपर्णी झाडांत, म्हणजे पाइन, देवदार, स्प्रूस या सुईसारख्या पानांच्या कुळात, अशी फोल बी भरपूर निघतात.

गर्भाचं एक टोक मुळाचं. ते टोक गराच्या एका चिंचोळ्या टोपणाला आणि पलीकडे कवचाला टेकलेलं असतं. रुजायचं तर गर्भाला जोर लावून हे टोपण फोडायला हवं. जोर कमी आणि टोपण घट्ट, अशा स्थितीत बी अडून राहतं. हा जोर आणि हे टोपण दोन्ही दोन संप्रेरकांच्या ताब्यात असतात. संप्रेरक म्हणजे वनस्पतीने स्वतः अगदी कणभर तयार केलेलं, पण पेशींना ‘हे कर, ते करू नको’ असा निरोप देणारं रसायन.

थांबवणारं एक, सोडणारं दुसरं

थांबवणारं आहे अ‍ॅबसिसिक आम्ल. यापुढे एबीए म्हणू. 1960च्या दशकात अमेरिकेत कापसाची बोंडं का गळतात याचा आणि ब्रिटनमध्ये झाडांचे डोळे (फांदीवरचे न उमललेले कोंब) हिवाळ्यात झोपतात कसे याचा शोध वेगवेगळा चालू होता. दोन्हीकडे हाती लागलं ते रसायन एकच निघालं. नाव मात्र गळण्यावरून पडलं. गंमत अशी की पानं-फळं गळण्यात मुख्य हात इथिलीन या दुसऱ्याच संप्रेरकाचा असतो. एबीएचं खरं काम थांबवून धरण्याचं. पण पडलेलं नाव पडलं.

सोडणारं आहे जिबरेलिन. नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला हे सांगायला नको, तो त्याला ‘जीए’ म्हणतो आणि मणी लांब-फुगीर व्हावेत म्हणून घड त्यात बुडवतो. याचा उगम भातशेतीतला आहे. एका बुरशीमुळे भाताची रोपं अवाजवी उंच, फिकट होऊन कोलमडत. जपानी शेतकरी त्यांना ‘खुळी रोपं’ म्हणत. 1926 साली जपानी संशोधक कुरोसावा यांनी दाखवलं की बुरशी गाळून टाकली तरी ती ज्यात वाढली त्या नुसत्या द्रावानेही हे घडतं. 1930च्या दशकात याबुता यांनी ते द्रव्य वेगळं काढलं. नंतर कळलं की निरोगी झाडं आपल्यापुरतं जिबरेलिन स्वतःच बनवत असतात.

बियामध्ये जिबरेलिन दुहेरी काम करतं: गर्भाला वाढीचा जोर देतं आणि टोपणाच्या पेशींच्या भिंती सैल करणारी विकरं (एन्झाइम) तयार करायला लावतं. एबीए नेमकं उलटं. म्हणजे बी रुजेल की नाही हे पाण्यावर नाही, या दोघांच्या तोलावर ठरतं.

सोसायटीची टाकी आणि एबीए

इथे एक गैरसमज होतो. वाटतं की बियात एबीए एकदा भरून ठेवलेलं असेल आणि भिजवून पाणी फेकलं की धुऊन जाईल. तसं नाही. सोसायटीच्या गच्चीवरची टाकी डोळ्यांपुढे आणा. खालून पंप पाणी चढवतो, नळांतून ते जात राहतं. टाकीतली पातळी पंप आणि नळ या दोघांवर ठरते.

भिजलेल्या सुप्त बियात एबीए सतत बनत असतं आणि सतत मोडलं जात असतं. उबेत ठेवलं तर पंप चालूच राहतो, पातळी उतरत नाही, उतरली तरी पुरेशी नाही. म्हणून ठाण्याच्या बाल्कनीत, रोज पाणी घालून, बी महिनोन्‌महिने तसंच राहतं. तेच बी ओलं असताना 2 ते 5 अंशांत ठेवलं की मोडण्याचा वेग बनण्याच्या वेगाच्या पुढे जातो. पातळी आठवड्यामागून आठवडे उतरत जाते. उत्तर अमेरिकेतल्या वेस्टर्न व्हाइट पाइन आणि यलो सीडर या झाडांच्या बियांत हे प्रत्यक्ष मोजलं गेलं आहे. शिवाय याच काळात बी जिबरेलिनला जास्त दाद देऊ लागतं आणि एबीएला कमी.

आता आधीचा फरक आठवा. कोरड्या बियात पंपही बंद आणि नळही बंद. पुडी फ्रिजमध्ये वर्षभर कोरडी ठेवली तर बी छान टिकेल, पण सुप्तावस्था दिवसभरानेही कमी होणार नाही. घरोघरी होणारी सगळ्यात मोठी चूक हीच. ‘तीन महिने फ्रिजमध्ये ठेवलं होतं हो!’ ठेवलं होतं, पण कोरडं. बियाला लागते ती ओली थंडी.

फ्रीझरमध्ये तर मुळीच नको. भिजलेल्या बियात बर्फ झाला की पेशी फाटतात, आणि गोठणबिंदूखाली हा मोड-तोडीचा कारखानाही जवळपास ठप्प होतो.

हा उपद्व्याप झाडाने कशासाठी मांडला?

बी कोणत्या ऋतूत खाली पडतं ते पाहा, उत्तर तिथेच आहे. डोंगरावरच्या पाइनचं बी ऑक्टोबरमध्ये पडलं आणि दोन उबदार दिवस पाहून रुजलं, तर महिन्याभरात येणाऱ्या बर्फात कोवळं रोप संपलं. म्हणून बी चार उबदार दिवसांवर विश्वास ठेवत नाही. किती आठवडे ओल्या थंडीत गेले याचा हिशेब एबीएच्या पातळीतून ठेवतं. हिशेब पूर्ण झाला, बर्फ वितळलं, मग मोड.

हिमालयातल्या चीड पाइनचं गणित वेगळं. तो कमी उंचीवरचा. त्याच्या बिया एप्रिल-मेच्या उन्हात सुटतात आणि पुढ्यात मोसमी पाऊस असतो. थंडीची वाट पाहण्यात त्याला काहीच फायदा नाही, म्हणून त्याच्या बियात सुप्तावस्था जवळपास नाहीच. ताजं बी भिजवून लावलं की रुजतं. वेळापत्रक आपल्या भातासारखंच. देवदार मधला: थंडीशिवायही थोडाफार रुजतो, पण दोन-तीन आठवडे ओली थंडी दिली तर उगवण एकसारखी होते. त्याची अडचण दुसरीच आहे. बी तेलकट असल्यामुळे उबेत लवकर खवट होतं. गेल्या वर्षीच्या सहलीतलं, शोकेसमध्ये ठेवलेलं देवदाराचं बी लावून उपयोग नाही.

दुसरं टोक पाहायला लांब जायला नको. ठाणे खाडीत मुख्य वस्ती तिवरांची, पण कांदळही आहे. कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं आणि फूट-दीड फूट लांब, हिरव्या काठीसारखं रोप होऊन चिखलात पडतं. अशा खारफुटींच्या गर्भात एबीए इतर झाडांच्या मानाने कमी आढळतं. भरती-ओहोटीत थांबून राहणारं बी वाहून जाईल, तिथे थांबवणारं रसायन काय कामाचं?

आणि मुरबाड-शहापूरच्या शेतकऱ्याला हाच विषय वेगळ्या वाटेने भेटतो. कापणीच्या तोंडावर परतीचा पाऊस झाला की आडव्या पडलेल्या भाताच्या लोंब्यांना शेतातच कोंब फुटतात. ज्या वाणाची सुप्तावस्था अल्पजीवी, तिथे एबीएचा धाक लवकर संपतो आणि ओल मिळताच दाणा रुजतो. पाइनवाला सुप्तावस्थेमुळे वैतागतो, भातवाला ती नसल्यामुळे.

मग घरी करायचं कसं?

आधी जात नक्की करा, कारण मुदत जातीवर ठरते. बोन्सायसाठी मागवला जाणारा जपानी ब्लॅक पाइन 30 ते 60 दिवस घेतो, जपानी व्हाइट पाइन 60 ते 90. चीड पाइनला गरज नाही. आपल्याकडची मोरपंखी, शाळेत वहीत ठेवायची ती ‘विद्या’, हीसुद्धा सूचिपर्णीच; तिचं ताजं बी सहसा थेट रुजतं, आणि पहिला प्रयोग करणाऱ्याने तिच्यापासूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे.

नंतर कॅलेंडर उलटं मोजा. ठाण्यात कोवळ्या पाइनला सोसणारा काळ म्हणजे डिसेंबर-जानेवारी, दिवसा तीसच्या आसपास आणि रात्री गार. 60 दिवस थंडी द्यायची तर बी दसरा-दिवाळीच्या सुमारास फ्रिजमध्ये जायला हवं. फेब्रुवारीत पुडी आली तर सरळ कोरडी, हवाबंद डबीत फ्रिजमध्ये टाका आणि ऑक्टोबरची वाट पाहा. घाईने एप्रिलमध्ये बाहेर काढलेलं बी उकाड्यात पुन्हा झोपी जातं. काही जातींत थंडी पूर्ण झालेल्या बियालाही जास्त उष्णता लागली की नवी सुप्तावस्था येते.

बी 24 ते 48 तास साध्या पाण्यात भिजवा, पाणी बारा तासांनी बदला. तरंगणाऱ्या बिया लगेच फेकू नका, काही उशिरा बुडतात. दुसऱ्या दिवशीही वर असतील त्यांतल्या दोन कापून पाहा आणि मग ठरवा. भिजलेलं बी चाळणीत निथळवा, फडक्यावर पसरून वरची चमक जाईपर्यंतच सुकवा.

कोकोपीट घेतलं तर दोन-तीन पाण्यांतून धुवा. त्यात क्षार असतात. मग मूठभर घेऊन जोरात पिळा. बोटांच्या बेचक्यात एखाद-दुसरा थेंब दिसावा, धार लागू नये. धार लागली तर अजून पिळा. बियांच्या तिप्पट कोकोपीट, दोन्ही झिपच्या पिशवीत, पिशवी अर्धीच भरलेली आणि आत हवा. बियाणं श्वास घेतं. पाण्यात बुडालेलं, हवा काढून बंद केलेलं बी थंडीतही कुजतं. पिशवीवर जात आणि तारीख लिहा. घरातले नाहीतर आल्याची पूड समजून उघडतील.

फ्रिजमध्ये जागा निवडताना थर्मामीटर ठेवून पाहा. भाजीच्या ट्रेमध्ये अनेकदा 8-10 अंश असतात, तिथे काम धिमं होतं. मागच्या भिंतीला चिकटून ठेवलं तर गोठतं. मधल्या कप्प्यात, 3-4 अंशांच्या आसपास, भिंतीपासून चार बोटं दूर. आठवड्यातून एकदा पिशवी उघडा, हलवा, हवा खेळू द्या. पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नका, ती बहुतेक फोल किंवा मेलेल्या बियांवर येते. त्या उचलून टाका, बाकीच्या धुऊन नव्या कोकोपीटमध्ये घाला. एखाद्या बियातून पांढरं टोक डोकावलं, तर मुदत संपायची वाट न पाहता सगळ्या बिया लावा.

लावताना मिश्रण निचऱ्याचं हवं: निम्मं कोकोपीट, निम्मी जाड धुतलेली वाळू किंवा पर्लाइट (नर्सरीत मिळणारे हलके पांढरे खडे). शेणखत, गांडूळखत या टप्प्यावर नको. बियातला गर पहिले काही आठवडे पुरतो आणि खतात बुरशीला मेजवानी मिळते. खोली बियाच्या जाडीएवढी, फार तर दुप्पट. खोल पुरू नका, कारण बऱ्याच पाइनच्या बिया उजेडही ‘पाहतात’. लाल प्रकाश मिळाला की मोकळी जागा आहे असं बी समजतं, आणि जिबरेलिन बनायला मदत होते. ओल्या थंडीतून गेलेल्या बियाची ही उजेडाची मागणी कमी होते, तरीही पातळ थरच बरा.

कवच कठीण आहे, मग गरम पाणी ओतलं तर?

हा सल्ला बहाव्याचा आहे, पाइनचा नव्हे. बहाव्याच्या कवचातून पाणीच आत शिरत नाही. तिथे कवच घासणं किंवा गरम पाणी यांनी खिडकी उघडते. सागाची फळं रोपवाटिकेत आलटून-पालटून भिजवतात-सुकवतात, त्यालाही वेगळं कारण आहे. सूचिपर्णींच्या कवचातून पाणी आत जातं. अडचण कवचाच्या आतल्या निरोपाची आहे. उकळतं पाणी ओतलं तर एबीए जाणार नाही, गर्भ शिजेल. जाड कवचाच्या बियांना पॉलिश पेपरने हलकं घासल्याने टोपणाचा विरोध थोडा कमी होतो खरा, पण गराला ओरखडा गेला की बुरशीचं दार उघडलं.

वाशीच्या मसाला मार्केटमधल्या चिलगोज्याबद्दलही हेच. चिलगोजा हे किन्नौर-अफगाणिस्तानकडच्या एका पाइनचंच बी आहे, पण दुकानातलं बहुधा भाजलेलं असतं. भाजलेलं बी कुठल्याच संप्रेरकाला दाद देत नाही. खाऊन टाका.

जिबरेलिन थेट बियाला दिलं तर फ्रिज वाचेल?

थोडासा वाचेल, पूर्ण नाही. वरून जीए दिलं की सोडणाऱ्याचा हात बळकट होतो, पण एबीएचा पंप चालूच असतो. उथळ सुप्तावस्थेच्या बियांत फरक दिसतो, गाढ झोपेच्या जातींत निराशा होते. थंडीची मुदत कमी करायला ते वापरता येतं, थंडीच्या जागी नाही.

करायचंच असेल तर मोजमाप नीट करा. 100 मिली द्रावाला 50 मिलिग्रॅम पावडर लागते, पण स्वयंपाकघरातल्या काट्यावर ती मोजता येत नाही. म्हणून 1 ग्रॅम जीए-3 पावडर आधी थोड्याशा स्पिरिटमध्ये विरघळवा, कारण ती पाण्यात सहज विरघळत नाही, गुठळ्या तळाशी बसतात. मग पाणी घालून 1 लिटर करा. हे झालं 1000 पीपीएम, म्हणजे लिटरमागे 1000 मिलिग्रॅम. यातलं 100 मिली घेऊन त्यात 100 मिली पाणी मिसळलं की 500 पीपीएम. बी त्यात 24 तास. द्राव ताजाच वापरा, उरलेला ठेवून उपयोग नाही. जास्त तीव्र केलं तर काय होतं ते भाताच्या खुळ्या रोपांनी शंभर वर्षांपूर्वीच दाखवलं आहे: पाइनचं रोपही लांबुडकं, फिकट होतं आणि मान टाकतं.

रुजलं, पण ठाण्यात जगेल का?

बियाची झोप मोडणं आणि झाडाला हवामान मानवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुडी विकणारे ही दुसरी बाजू सांगत नाहीत. थंड प्रदेशातल्या पाइन-स्प्रूसच्या फांद्यांवरचे डोळेही दर वर्षी हिवाळा मागतात. तो फ्रिजमध्ये देता येत नाही. त्यातून जून ते सप्टेंबर कुंडी पाण्याने थबथबलेली, रात्रीसुद्धा उकाडा, मुळं कुजतात. स्प्रूस आणि फर यांचा नाद इथे सोडलेला बरा. जपानी ब्लॅक पाइन हौस म्हणून करा, पावसाळ्यात कुंडी आडोशाला आणि मिश्रण जवळपास सगळं खडीचं ठेवून. मोरपंखी निवांत जगते. नर्सरीत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून मिळणारा अरौकेरियाही इथे रुळलेला आहे. तोही सूचिपर्णी, पण दक्षिण गोलार्धातल्या उबदार बेटांवरचा. त्याचं बी थंडीसाठी साठवत बसू नका, ताजं असतानाच लावा; ठेवलं की उगवणक्षमता झपाट्याने जाते.

उगवलेली रोपं सगळ्यात जास्त मरतात ती पहिल्या तीन-चार आठवड्यांत. संध्याकाळी ताठ असलेलं रोप सकाळी मातीलगत बारीक होऊन आडवं पडलेलं दिसतं. ही मर. ओल, दाटी आणि कोंदट हवा ही तिची कारणं. पाणी सकाळीच, वरचा थर सुकल्यावर द्या, मिश्रणात आधीच ट्रायकोडर्मा ही रोगट बुरशीला आवरणारी मित्रबुरशी घाला, आणि वारा लागेल अशी जागा ठेवा. आडवं पडलेलं रोप उभं करून उपयोग नाही, ते शेजारच्यांसह उचलून टाका.

आणि एक. पाइनचं रोप वर येतं ते डोक्यावर बियाचं कवच घेऊनच, टोपी घातल्यासारखं. आतल्या हिरव्या सुया अजून गराला चिकटून उरलेलं अन्न ओढत असतात. टोपी बोटांनी उपटली की सुयांची टोकं तिच्यासोबत तुटतात आणि वाढीचा कोंब उघडा पडतो. आठवड्याने ती आपोआप गळते. कवच वाळून घट्ट बसलं असेल तर सकाळी त्यावर पाण्याचा बारीक फवारा मारा, दुपारपर्यंत सैल होतं.